घोडामैदान लांबलं तर...

२० मार्च २०२० ला जबलपूरमध्ये कोरोनाचे चार रुग्ण सापडले. मध्य प्रदेशातले ते पहिले रुग्ण. चार दिवसांनी टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं आणि २५ मार्चपासून सगळा देश घरात बसला. देशभरातली खेळाडूंची वसतिगृहं रिकामी झाली, मुलं बॅगा घेऊन घरी परतली.

धावणाऱ्या मुलाला निदान गच्ची होती, बॅडमिंटनवाल्याला भिंत होती. पण घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलानं काय करायचं? राज्य सरकारची घोडेस्वारी अकादमी भोपाळला, घर जबलपूरला. मध्ये सुमारे तीनशे किलोमीटर. ज्याच्यावर जीव जडलेला, तो घोडा तिकडे पागेत आणि स्वार इकडे फ्लॅटमध्ये! 'घोडामैदान जवळच आहे' असं आपण सहज म्हणतो. या मुलांसाठी मात्र घोडा आणि मैदान दोन्ही लांब गेले होते.

अशी वेळ काही एकदाच येत नाही. २००१ मध्ये इंग्लंडात गुराढोरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि बॅडमिंटन गावची प्रसिद्ध अश्वस्पर्धा रद्द करावी लागली. २०२१ च्या वसंतात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेत घोड्यांना विषाणूची बाधा झाली आणि युरोपातल्या दहा देशांमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडेही ग्लँडर्ससारखा रोग आढळला, की घोड्यांच्या ने-आणीवर बंदी येते. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून इथे हयगय चालत नाही. म्हणजे घोडेस्वाराच्या आयुष्यात रद्द झालेला हंगाम हा केव्हाही दारात उभा राहणारा पाहुणा आहे.

अशा वेळी घरातली मोठी माणसं दोन चुका करतात. एक म्हणजे, 'त्यात काय एवढं, पुढच्या वर्षी खेळशील!' असं म्हणून विषय संपवतात. कुमारांच्या स्पर्धा वयोगटाप्रमाणे होतात. पुढच्या वर्षी मुलाचा गट बदललेला असू शकतो आणि घोड्याचंही वय वाढतं. मुलाचं नुकसान खरं आहे. ते खरं आहे असं आईवडिलांनी एकदा तरी मोकळेपणानं म्हणावं. दुसरी चूक म्हणजे, 'आता वेळ आहे, तर अभ्यासाला लाग!' असं सांगून खेळाचं सगळं सामान माळ्यावर टाकणं. आशा टिकवायची म्हणजे रडू दाबायचं किंवा आवड गुंडाळून ठेवायची, असं नव्हे.

मग करायचं काय? याचं उत्तर मराठी माणसाला आपल्याच इतिहासात सापडतं. मराठ्यांचं घोडदळ वर्षातले पावसाळ्याचे महिने मोहिमेवर जात नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत छावणी. पण छावणी म्हणजे सुट्टी नव्हती. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागवत आताच उधळलंत, तर भर पावसाळ्यात ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्याच माथी येईल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचार त्यात आहे. बसून काढायचे ते महिने सांभाळले, तरच दसऱ्याला घोडा उभा राहणार, हे त्या राजाला ठाऊक होतं.

रद्द झालेला हंगामही छावणीसारखाच काढावा.

पहिलं काम घोड्याचं. स्पर्धा रद्द झाली, तरी घोड्याचा खरारा, खुरांची सफाई आणि दिवसातून काही वेळ हातानं फिरवणं रद्द होत नाही. काम कमी झालं, की चंदीही कमी करावी लागते. बसून राहिलेल्या घोड्याला पूर्वीइतकाच दाणा दिला, तर पोटशूळ होऊ शकतो किंवा कामाला लागताच अंग आखडतं. हे सगळं मुलानं मोतद्दाराला फोनवर विचारावं आणि वहीत टिपून ठेवावं. आज किती फिरवला? लीद नीट आहे ना? नालबंद कधी येऊन गेला? साधारण सहा आठवड्यांनी खुरं कापून घ्यावी लागतात. फोनवर मोतद्दाराच्या घरची खुशालीही जरूर विचारावी. स्पर्धा नसल्या, की सगळ्यांत आधी त्याच्याच पोटाला चिमटा बसतो. २०२० च्या लग्नसराईत वराती थांबल्या, तेव्हा देशभर घोडेवाल्यांपुढे स्वतः काय खावं आणि घोड्याला काय घालावं, असा प्रश्न होता.

दुसरं काम स्वाराचं. ठरलेल्या चाली लयीत करून दाखवण्याच्या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात. त्याचं मोठं मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं. गच्चीवर खडूनं सहा मीटर बाय दोन मीटरचा चौकोन आखला, की तेच मैदान एक दशांश झालं! त्यात स्वतःच्या पायांनी वळणं घेत चाचणी पाठ करता येते. अडथळ्यांवरून उडी घेणाऱ्यांनी पावलं मोजावीत. कँटर चालीतली घोड्याची एक झेप साधारण १२ फुटांची, म्हणजे तीन-तीन फुटांची आपली चार पावलं. धाकट्या भावंडाला खुर्च्या मांडायला सांगावं. घरात हसणं परत येतं आणि नजरेला अंतर कळू लागतं. जिन्याच्या पायरीवर पुढचं पाऊल टेकवून टाचा खाली सोडणं, भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं उभं राहणं, एवढ्यानंही मांड पक्की राहते.

आणि याचं फळ? हांगझोची आशियाई स्पर्धा २०२२ च्या सप्टेंबरात व्हायची होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. ड्रेसाजचे भारतीय स्वार तेव्हा घरापासून लांब, युरोपात सराव करत होते. स्पर्धा वर्षभर थांबली, पण घोड्याला वर्षभर थांबवता येत नाही. २६ सप्टेंबर २०२३ ला सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिलं. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतलं हे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर ४१ वर्षांनी आलं. त्यातली सुदीप्ती जबलपूरच्याच राज्यातली, इंदूरची.

प्रत्येक छावणीनंतर पदकच मिळेल, असं नाही. पण पागेचं दार पुन्हा उघडतं, तेव्हा घोडा आपल्या माणसाचा आवाज ऐकून कान टवकारतो. त्या दिवशी स्वारही तयार असला पाहिजे.