मिठागरे आणि माणसे

मुंबईत गरिबांच्या घरांसाठी जागा उरलेली नाही, तेव्हा मिठागरांना हात लावणे भाग आहे, असा युक्तिवाद राज्यकर्ते अनेक वर्षे करीत आले आहेत. कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी देण्याचा २०२४ चा निर्णय याच युक्तिवादावर उभा आहे. वरकरणी तो गरिबांच्या हिताचा वाटतो. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक कठोरपणे झाली पाहिजे.

जागा नाही हे विधान मुळातच खोटे आहे. गिरणगावात शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन होती. तिचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला, तेवढाच सार्वजनिक घरबांधणीला व उरलेला मालकाला, असे १९९१ च्या नियमावलीचे साधारण सूत्र होते. २००१ मध्ये ही वाटणी गिरण्यांच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती ठेवण्यात आली आणि लोकांचा हिस्सा नाममात्र उरला. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदाही महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. त्याच कायद्याखालील अतिरिक्त जमिनीसाठी मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून चिवट लढा दिला आणि गोरेगावच्या दिंडोशीत हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली. जमीन होती, ती कोणाच्या पदरात टाकायची, एवढाच प्रश्न होता.

तुटवड्याचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची उणीव असल्याचा अंदाज केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये दिला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक उणीव दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत शहरांतील सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे घरे होती. परवडणारी घरे नव्हती. वाढीव चटईक्षेत्र दिल्याने घर आपोआप स्वस्त होत नाही. त्याचा लाभ बव्हंशी जमिनीच्या किमतीत मुरतो आणि श्रमिक वसई-विरारकडे, बदलापूरकडे ढकलला जातो. त्याच्या दिवसाचे कित्येक तास लोकलगाडीत जातात. उपनगरी रेल्वेमार्गांवर एकट्या २०२३ साली दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दूरच्या घराची ही किंमत कोणत्याही जमाखर्चात मांडली जात नाही.

मिठागरे म्हणजे पडीक जमीन नव्हे. खाडी आणि वस्ती यांच्यामधला तो सखल पट्टा भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याची वाट अडविण्याचे फळ मुंबईने भोगले. मिठागरे भरून तेथे उभारलेल्या वस्तीत पुढच्या पुराचे पाणी प्रथम शिरेल ते गरिबाच्याच घरात.

परंतु येथे समाजवादी कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळले पाहिजे. आपल्या खिडकीतून हिरवळ दिसावी एवढ्यासाठी झोपडपट्टीवासीयांना विरोध करणाऱ्यांच्या पंगतीला त्यांनी बसता कामा नये. ‘मिठागरे नकोत’ असे म्हणणाऱ्याने ‘मग घरे कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे. ते उत्तर असे : शहरातील सार्वजनिक जमिनीची एकही इंच विक्री न करता तीवर सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधावीत, रिकाम्या सदनिकांवर चढता कर बसवावा, आणि पुनर्विकास रहिवाशांच्या सहकारी संस्थांमार्फत, आहे त्याच जागी व्हावा. धारावीचा माणूस धारावीतच राबतो. त्याचे चामड्याचे, मातीचे, शिलाईचे काम मुलुंडच्या खाडीकाठी नेता येत नाही.

गरिबाला निसर्गाविरुद्ध उभे करणारे धोरण दोघांचाही घात करते. त्या दोघांना एका बाजूला आणणे आणि ज्याच्या हाती जमीन आहे त्याला जाब विचारणे, हेच आजच्या चळवळीचे काम आहे.