बिचारे व्हँडल

परवा भाचीने वही पुढे केली. वर्तमानपत्रातल्या एका बातमीचे मराठी करायचे होते आणि गाडी पहिल्याच वाक्यात अडली होती. "मामा, व्हँडलाइज म्हणजे काय रे?"

मी 'नासधूस करणे' सांगून मोकळा झालो. पण मनाला पटेना. नासधूस गवे करतात, शेतात शिरून. बसस्टॉपचे बाक कुणी उखडले तर ती मोडतोड. पुतळ्याला, घुमटीला किंवा क्रॉसला हात लावला की ती विटंबना. तिथे 'मोडतोड' लिहिणाऱ्या वार्ताहराला लोक सोडणार नाहीत! इंग्रजीने मात्र या सगळ्यांना एकच क्रियापद बहाल केले आहे. सोय आहे, पण त्यात रागाची प्रतवारी हरवते असे माझे मत.

आणि हे क्रियापद आले कुठून? व्हँडल ही एक जर्मानिक जमात. त्यांचा राजा गाइझेरिक. इ. स. 455 मध्ये त्यांनी रोम चौदा दिवस लुटले. लुटले खरे, पण जाळपोळ आणि कत्तल नको ही पोप लिओची विनंती त्यांनी बरीचशी पाळली असे सांगतात. म्हणजे लुटारू होते, पण दिसेल ते फोडत सुटणारे नव्हते. 'व्हँडॅलिझम' हा शब्द त्यांच्यानंतर तेराशेहून अधिक वर्षांनी, 1794 साली, फ्रान्सच्या बिशप ग्रेग्वार यांनी रूढ केला. राज्यक्रांतीच्या भरात पुतळे, पुस्तके, चित्रे नष्ट होत होती म्हणून. फोडणारे फ्रेंच, नाव मात्र व्हँडलांचे! बाजू मांडायला त्यांच्यातला कुणी उरलाच नव्हता.

भाची हसली. पण हसण्यासारखे आपल्याकडे फारसे नाही. बंगालमध्ये मुलांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यातले 'बर्गी' म्हणजे आपलेच बारगीर. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी तिथे वारंवार स्वाऱ्या केल्या. त्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला आणि त्याला नावही 'मराठा डिच' पडले. आपल्या शाळेत अटकेपार झेंडा शिकवला, हे नाही शिकवले. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, एवढाच मूळ अर्थ. बंगाली आईच्या तोंडी तो बागुलबुवा झाला. तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. गावे लुटली गेली होती, माणसे मारली गेली होती. व्हँडलांची कड घेता येते, तशी इथे घेता येत नाही.

भाचीच्या बातमीत बाक मोडले होते. 'मोडतोड' लिही म्हटले. तिने लिहिले आणि मग विचारले, "बर्गी कसं लिहायचं? र्गी की गिर्?"