ऊन पाण्याचे मोल

मुलांनो, देवळ्याच्या आसपासचे डोंगर तुम्ही नीट पाहिले आहेत का? त्यांच्या उतारावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. असे पुन्हा पुन्हा घडले. विहीर खोदताना लागणारा काळा खडक त्याच लाव्ह्याचा आहे.

तो अग्नी केव्हाच विझला. आज महाराष्ट्रात एकही जिवंत ज्वालामुखी नाही. तरीही वज्रेश्वरी, तुरळ, राजापूर, उन्हवरे अशा ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. (उर्दूत झऱ्याला 'चश्मा' म्हणतात, मराठीत मात्र चष्मा नाकावर बसतो!) पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते. जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते.

या पाण्याचे आपण काय करतो? स्नान करतो. एवढ्यावर थांबणे मला पटत नाही.

"मग वीज तयार करा," असे तुम्ही म्हणाल. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतील वाफेवर पाच दिवे लावले गेले. १९१३ मध्ये तेथे वीजकेंद्र उभे राहिले. पण तेथे जोरदार वाफ मिळते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. अलास्कात २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज बनते हे खरे. परंतु त्यासाठी जवळच बर्फासारखे थंड पाणीही लागते. ते कोकणात कोठून आणणार?

माझ्या मते उष्णता ही उष्णता म्हणूनच वापरावी. देवळ्याच्या मुलांना कांद्याची काळजी सांगायला नको. चाळीत साठवलेला कांदा सडला, की वर्षाची मेहनत वाया जाते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९७८ पासून जमिनीतील गरम पाण्याच्या उष्णतेवर कांदा वाळवू लागले. आइसलंडमध्ये अशाच उष्णतेवर मासे वाळवतात. कोकणातले पाणी नेवाडाच्या पद्धतीने कांदा वाळवण्याइतके गरम नाही. मासे, आंबापोळी, आमसुले यांना मात्र ते पुरेल.

पण घाई नको. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली वीजकेंद्र सुरू झाले. जमिनीतील गरम पाणी इतके उपसले गेले, की जवळच्या दरीतील उसळते फवारे काही वर्षांतच बंद पडले. आपले झरे तर त्याहून कितीतरी लहान. म्हणून नवी विहीर खणू नये. कुंडातून वाहून जाणारे पाणी तेवढेच घ्यावे, आणि तेही गावकऱ्यांना विचारून.

कोकणात रातांबे पिकतात आणि तेवढ्यात पाऊस येतो. आमसुले वाळवायला ऊन मिळत नाही. जवळच ऊन पाणी वाहत असते आणि घरात साली बुरसतात.