मागितला तर देता येईल असा चाकू

गेल्या महिन्यात ऑफिसात एक छोटंसं प्रकरण झालं. टीममधल्या एकाचा वाढदिवस होता. केक आला, पण केकबरोबर नेहमी येते ती प्लास्टिकची सुरी काही आली नाही. पॅन्ट्रीत चमचे होते, सुरी नव्हती. अशा क्षणाची मी किती दिवस वाट बघत होतो म्हणून सांगू! खिशाला क्लिपने अडकवलेला स्पायडर्कोचा डेलिका काढला, पात्यातल्या गोल भोकाला अंगठ्याने झटका दिला आणि... खट्ट!

सगळे गप्प.

टेस्टिंगमध्ये दोनच आठवड्यांपूर्वी जॉइन झालेली मुलगी चक्क एक पाऊल मागे सरकली. "बाप रे, हे काय घेऊन फिरतोस तू?" असं कुणीतरी हसत विचारलं, पण ते हसणं काही खरं नव्हतं. केक मीच कापला, सगळ्यांनी खाल्ला, विषय संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर कॉफीला घेऊन गेला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ते तेवढं घरी ठेव ना यार."

आधी मला रागच आला. अरे, तीन इंचांपेक्षाही लहान पातं आहे! तुमच्या स्वयंपाकघरातल्या कांदा चिरायच्या सुरीपेक्षा छोटं! मग घरी येऊन विचार केला. आपण पुण्यात राहतो. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. त्या मुलीने एका अनोळखी माणसाच्या हातात खट्टकन उघडलेलं पातं बघितलं आणि ती मागे सरकली. यात तिचं काय चुकलं?

खिशात चाकू कशाला लागतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून ते आधी सांगून टाकतो. कुरियरचे खोके, दुधाची पिशवी, केबल टाय, शर्टाचा सुटलेला दोरा, ट्रेकमध्ये काकडी. बस्स. स्वसंरक्षण वगैरे कल्पना ज्यांच्या डोक्यात असतील त्यांनी हा लेख इथेच सोडावा. मारामारीत चाकू काढणारा माणूस आपल्या अडचणी फक्त वाढवतो.

माझे चाकू तीन. पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा क्लाइंबर, ९१ मिलिमीटरचा लाल 'स्विस आर्मी'. कंपनीने वर्षभर ऑनसाइट लीड्सला पाठवलं होतं तेव्हा घेतला. निवड माझी नव्हती, तिथल्या कायद्याची होती. इंग्लंडात १९८८ च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो फक्त घडीचा चाकू, आणि त्याची धार तीन इंचांच्या आत हवी. गंमत पुढे आहे. ज्याचं पातं उघडल्यावर लॉक होतं तो चाकू तिथल्या न्यायालयांनी 'घडीचा' मानलेलाच नाही! म्हणजे कायद्याच्या नजरेत लॉक ही सुरक्षेची सोय नसून उलट संशयाची गोष्ट. इंजिनियर म्हणून मला हे तेव्हा अगदीच मूर्खपणाचं वाटलं होतं.

कारण तिथेच मला तीन टाके पडले. बेल्टला एक जास्तीचं भोक हवं होतं (लीड्समध्ये वजन कमी झालं होतं, ते आता व्याजासकट परत आलंय). पात्याचं टोक चामड्यावर ठेवून दाबलं, पातं उलटं फिरलं आणि तर्जनीवर बंद झालं. क्लाइंबरच्या पात्याला लॉक नाही, पाठीमागची स्प्रिंग फक्त ते ताणून धरते. धारेच्या बाजूने दाब दिला तर ती धरून ठेवते, पण टोकाने खुपसायला गेलात तर कधी ना कधी दगा देणारच. त्याच चाकूच्या पाठीला चांभाराच्या आरीसारखं एक टोकदार हत्यार दिलेलं आहे, नेमकं याच कामासाठी. ते वापरायचं मला सुचलं नाही, हा भाग मी तेव्हा कुणाला सांगितला नव्हता.

पुण्यात परत आल्यावर म्हणून डेलिका घेतला. पाठीला लॉक, जपानी व्हीजी-१० पोलाद, एका हाताने उघडणारा. स्पायडर्कोने १९८१ साली आपल्या पहिल्या चाकूपासून हे पात्यातलं भोक आणि खिशाची क्लिप आणली आणि पुढे सगळ्या जगाने ती उचलली. चाकू म्हणून डेलिका अप्रतिम आहे, हे आजही म्हणतो.

तिसरा ओपिनेल नंबर ८. फ्रान्समधल्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली बनवलेल्या चाकूचा हा वंशज. बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि पातं जागेवर अडकवायला फिरवायची एक पत्र्याची रिंग, जी १९५५ मध्ये आली. बस, संपला चाकू. आणि कापायच्या बाबतीत तो डेलिकालाही हरवतो!

हे जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण चाकूवेडे लोक इथेच फसतात. ते पोलादाची नावं पाठ करतात, कुठलं किती कडक, कुणाची धार किती दिवस टिकते. पण पातं कापतं ते आधी त्याच्या आकारामुळे. धार म्हणजे शेवटचा केसभर भाग. तो सफरचंदात शिरला की मागोमाग पात्याची जाडी शिरते, आणि खरा विरोध तिथे होतो. साडेतीन-चार मिलिमीटर जाड पाठीचा 'टॅक्टिकल' चाकू सफरचंद कापत नाही, पाचर मारल्यासारखा फोडतो. कडक गाजरावर करून बघा, शेवटी 'टक्' आवाज येऊन तुकडा उडतो. ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरही जाड नाही, त्यामुळे ते सरळ खाली उतरतं. व्हिक्टोरिनॉक्सही बऱ्यापैकी पातळ. त्यांचं पोलाद मऊ म्हणून नावं ठेवणारे बरेच आहेत, पण तेच पोलाद स्वयंपाकघरातल्या साध्या दगडावर पाच मिनिटांत धारेला येतं. महिन्यात दहा खोके फोडणाऱ्या माणसाला धार सहा महिने टिकायला कशाला हवी?

मग ओपिनेलच का नाही? एक म्हणजे पाऊस. माझा कार्बन पोलादाचा आहे. एक कैरी कापली की पातं काळं पडतं आणि पुढच्या फोडीला लोखंडाचा वास. (स्टेनलेसमध्येही मिळतो, मला शहाणपणा नडला.) दुसरं, जुलैत लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. सावोयचे लोक मुठीची मागची कड टेबलावर आपटून पातं बाहेर काढतात म्हणे. मीही आपटतो. ऑफिसच्या टेबलावर हे करून बघायची माझी तरी हिंमत नाही.

आता मुद्द्याचं. माझे आजोबा वाईजवळच्या गावात शेती करायचे. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक पितळी मुठीचा घडीचा चाकू असायचा. सुतळी कापायची, उसाचं कांडं सोलायचं, सुपारी कातरायला मात्र वेगळा अडकित्ता. त्या चाकूकडे बघून कुणी मागे सरकलेलं मला आठवत नाही. उलट लोक मागायला यायचे, "आप्पा, जरा चाकू द्या." आप्पा मूठ पुढे करून द्यायचे आणि काम झालं की तो परत यायचा. चाकू त्यांच्या खिशात असला तरी तो अर्ध्या आळीचा होता.

माझा डेलिका कुणी मागितलाच नाही! दोन वर्षांत एकदाही नाही. आणि मागितला असता तर मला द्यायला भीती वाटली असती, कारण लॉक कसं सोडायचं हे माहीत नसलेला माणूस बंद करताना बोट कापून घेणार. क्लाइंबर मात्र मी ट्रेनमध्ये समोरच्या काकूंना पेरू कापायला दिलाय, शेजारच्या पोराला प्रोजेक्टच्या पुठ्ठ्यासाठी दिलाय. तो नखाने, दोन्ही हातांनी, सावकाश उघडतो. वर त्याच्यात कात्री आहे, आणि खरं सांगायचं तर दहातली सहा कामं ती कात्रीच करते.

"पण आपल्या कायद्याला डेलिका चालतो," असं माझा एक मित्र वकिली थाटात म्हणाला. चालतो, एका अर्थाने. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यापासून पुढचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे, त्याखाली मनाई आदेश निघाला की तलवार-भाल्यांच्या रांगेत चाकूही असतो आणि काठीही. विमानतळावर तर केबिन बॅगेत काहीच चालत नाही. माझा पहिला क्लाइंबर असाच गेला, हा आहे तो दुसरा. नाक्यावर पोलिसाने खिसे तपासले तर त्याच्यापुढे मी नियमांचा आकडा वाचून दाखवणार आहे का? तोही त्या मुलीसारखाच आधी चाकूचा चेहरा बघणार.

तुम्ही म्हणाल, म्हणजे लोकांना काय वाटेल म्हणून तू कमी सुरक्षित चाकू घेतलास. हो, काही अंशी तसंच. तर्जनीवरची खूण रोज दिसते, त्यामुळे लॉकला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. ट्रेकला, जिथे लाकूड तासायचं असतं, तिथे सॅकमध्ये लॉकवालाच जातो. पण ऑफिसात आणि बसमध्ये खुपसायचं काम निघतं कधी? ज्या चाकूमुळे आजूबाजूची माणसं दचकतात तो मी खिशातून काढायलाच कचरणार. आणि काढायचाच नसेल तर खिशात तरी कशाला?

असो. परवा तीच टेस्टिंगमधली मुलगी माझ्या डेस्कपाशी आली, ओढणीचा दोरा खुर्चीच्या चाकात अडकला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं माझ्याकडे 'कात्री' आहे म्हणून. दिली. डेलिका ट्रेकच्या सॅकमध्ये गेलाय. ओपिनेल या पावसात पुन्हा फुगलाय, आता बहुतेक दसऱ्यालाच उघडेल.