विषाणुबाधित दांपत्याची अपत्येच्छा आणि आपले कर्तव्य

अपत्यप्राप्तीसाठी चिकित्सालयात येणाऱ्या काही दांपत्यांच्या कागदपत्रांत एचआयव्ही, हिपॅटायटीस-बी वा सी यांची नोंद असते. तुमसर, पवनी, साकोलीसारख्या परस्परपरिचित गावांत ती बहुधा लपविली जाते. अशा दांपत्यास ‘मूल नकोच’ म्हणून परत पाठविणारेही आहेत आणि ‘विषाणू समूळ घालवितो’ म्हणून गुंतविणारेही. आमच्या मते यातील एकही मार्ग वैद्यास शोभत नाही.

ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ही गर्भसंभवाची सामग्री आपण सुश्रुतसंहितेत शिकलो. बीजशुद्धीचा विचार आधुनिकांनी निराळ्या रीतीने केला. १९९२ साली मिलानच्या डॉ. सेम्प्रिनी यांनी बाधित पतीचे वीर्य धुऊन, शुक्राणू विलग करून ते निरोगी पत्नीच्या गर्भाशयात सोडण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०१६ च्या ‘पार्टनर’ अभ्यासाने दाखविले की, नियमित औषधाने रक्तातील विषाणू दबलेला असल्यास जोडीदारास लागण होत नाही. त्यामुळे अशा अनेक दांपत्यांना आता नैसर्गिक गर्भधारणाही शक्य आहे; वंध्यत्वाचे अन्य कारण असेल तरच साहाय्यक तंत्राची गरज उरते. माता बाधित असल्यास उपचाराविना बाळास लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते ५ टक्क्यांखाली येते. हिपॅटायटीस-बी असलेल्या मातेच्या बाळास जन्मानंतर २४ तासांत लस व इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. हिपॅटायटीस-सी बहुधा १२ आठवड्यांच्या औषधाने बरा होतो. म्हणून तेथे आधी रोगमुक्ती, मग गर्भाधान.

या सर्वांचा पाया एकच आहे: विषाणुरोधक औषध अखंड चालणे. आपली जबाबदारी येथेच येते. सध्या एचआयव्हीच्या प्रथम उपचारात डोलुटेग्रावीर दिले जाते. लोह व कॅल्शियम यांच्यासह ते उपाशीपोटी घेतल्यास त्याचे शोषण घटते. म्हणून ते त्यांच्या दोन तास आधी वा सहा तास नंतर घेण्याचा दंडक आहे. गर्भिणीस आपण लोहभस्म, मंडूर, प्रवाळ, शंखभस्म सर्रास देतो. हाच दंडक त्यांनाही लावणे आम्हास शहाणपणाचे वाटते. त्रिकटूतील पायपरीन काही औषधांची रक्तातील मात्रा वाढविते, हेही ध्यानी असावे. रसायन वा वाजीकरण कल्प देण्यापूर्वी ‘सरकारी दवाखान्याचे कोणते औषध चालू आहे?’ हा प्रश्न एकांतात विचारावा आणि ते औषध आपल्या सांगण्यावरून कदापि बंद होऊ देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंनीही हे जाणावे. स्त्रीवंध्यत्व घालविण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. एचआयव्हीबाधिताची ओळख संमतीविना उघड करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. तेव्हा दुकानाच्या फळीवरून मोठ्याने विचारलेला एक प्रश्नही एखादे कुटुंब गावातून उठवू शकतो.

अशा दांपत्यास जिल्हा रुग्णालयाचा वा नागपूरचा मार्ग दाखविण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. आहार, विहार, मनोबल आणि गर्भिणीपरिचर्या यांचे विस्तीर्ण क्षेत्र आपल्याकडे आहेच. तेथे आपण निष्ठेने उभे राहावे, एवढीच सर्व व्यवसायबंधूंस व भगिनींस विनंती.