शिक्क्याआधी शिस्त



वेचणीचा कापूस घरात आला की तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो, हे कोणाला सांगायला नको. पुढे भाव चढेल असे वाटत असते, पण कृषी केंद्राची उधारी थांबत नाही. म्हणून तर आपण उत्पादक कंपन्या काढल्या. गोदाम, जिनिंग, सरकीचे तेल, ज्वारीची सफाई-प्रतवारी, सगळे कागदावर मांडले. गाडी अडली ती भांडवलाशी. एका कंपनीच्या संचालकांबरोबर मी बँकेत गेलो होतो. साहेबांचा पहिला प्रश्न, "तारण काय?" शेकडो सभासदांची एकजूट तारणाच्या रकान्यात बसत नाही. कृषी पदवी घेताना मला कपाशीच्या दोन ओळींतले अंतर शिकवले. हा रकाना कसा भरायचा ते कोणी शिकवले नाही.

फ्रान्समध्ये या प्रश्नावर एक वाट काढली आहे. तेथे 'समाजोपयोगी एकजूट उद्योग' अशी सरकारी मान्यता मिळते. तिच्या अटी ३१ जुलै २०१४ च्या कायद्याने नव्याने ठरल्या. उद्योगाचा मुख्य हेतू समाजोपयोगी हवा आणि तो घटनेत लिहिलेला हवा. त्या हेतूपायी नफ्याला कात्री लागते हे दाखवावे लागते. भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. सर्वांत मोठा पगार किमान वेतनाच्या १० पटींवर आणि वरच्या पाच जणांची सरासरी ७ पटींवर जाता कामा नये. मान्यता पाच वर्षांची. नव्या उद्योगाला दोनच वर्षांची. मग पुन्हा तपासणी.

याने मिळते काय? तेथील कंपन्यांना कामगारांच्या बचत योजनेत किमान एक 'एकजूट निधी' ठेवावाच लागतो. त्यात पैसे घालायचे की नाही, हे कामगार ठरवतो. अशा निधीतील काही रक्कम मान्यताप्राप्त उद्योगांत जाते. 'तेर द लियाँ' ही २००३ सालची चळवळ पाहा. तिने २००६ मध्ये कंपनी काढली, नागरिकांच्या बचतीतून शेतजमिनी घेतल्या आणि सेंद्रिय शेती करणाऱ्यांना कसायला दिल्या. तिच्याकडे ही मान्यता आहे.

कोणी म्हणेल, सरकारचा शिक्का म्हणजे सरकारचा हात आपल्या खिशात. शंका रास्त आहे. पण हा शिक्का अनुदानाचा नाही. पैसा लोकांचा, विश्वास कोणावर ठेवावा, एवढेच शिक्का सांगतो.

आपल्याकडे काय आहे? २००३ पासून लागू झालेल्या उत्पादक कंपनीच्या कायद्यात एका सभासदाला एक मत आहे आणि भाग बाजारात विकता येत नाहीत. म्हणजे पाया आहे. २०२० च्या केंद्रीय योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख रुपये भागभांडवल अनुदान आणि कर्जाला हमी ठेवली. पण ती सरकारची तिजोरी आहे. शहरातल्या नोकरदाराला, "तुझ्या बचतीतला थोडा वाटा शेतकऱ्यांच्या उद्योगात घालतोस का?" असे विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. ती मागणी आपण केली पाहिजे.

मात्र मागण्याआधी आपले घर झाडून घेऊ. अनुदानापुरत्या काढलेल्या, पाटीपुरत्या उरलेल्या कंपन्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्या संचालकाला सभासदांपुढे हिशेब वाचायची लाज वाटते, त्याला फ्रान्समधला कामगार तरी पैसे कसा देईल, आणि पुण्यातला नोकरदार तरी का देईल?

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक कंपनीने तीन कागद आणावेत: तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, कोणाला किती पगार व भत्ता मिळतो त्याची यादी, आणि वार्षिक सभेला खरोखर हजर असलेल्यांच्या सह्या. हे कागद सर्वांसमोर वाचू. शिक्का मिळेल तेव्हा मिळेल. शिस्त लावायला कोणाची परवानगी लागत नाही.