मातोश्रींची शर्यत

धर्मशास्त्रानें माणसाला सोळा संस्कार सांगितले आणि त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आंतच उरकून टाकले. बारसें, उष्टावण, मुंज, सोडमुंज, लग्न इथपर्यंत भटजींची घरांत ये-जा असते. त्यापुढें थेट पुरुषाच्या साठीशांतीपर्यंत तसें निमित्त पडत नाहीं. आमच्या तीर्थरूपांची साठीशांत २०१४ सालीं साताऱ्याच्या घरीं यथासांग झाली. मातोश्री त्यांच्या उजव्या अंगाला पाटावर बसल्या होत्या आणि प्रत्येक संकल्पाला त्यांच्या हाताला हात लावीत होत्या.

मातोश्रींची स्वतःची साठी २०२३ सालीं आली आणि गेली. तीर्थरूप त्यापूर्वीं दोन वर्षें वारले होते. त्या दिवशीं सूनबाईंनीं खीर केली, नातीनें कागदाचा मुकुट करून आजीच्या डोक्यावर ठेवला, आणि आम्ही जेवून पुन्हां कामाला बसलों. शास्त्राला त्यांच्यासाठीं कांहीं सुचलें नव्हतें, आणि आम्हांलाहि नाहीं. त्यांनीं मात्र आपल्यापुरतें कांहीं ठरविलें होतें, हें आम्हांला मागाहून कळलें.

आम्ही मुंबई सोडून साताऱ्यास राहावयास आलों तें २०२२ च्या मे महिन्यांत. महासाथीच्या काळांत कचेरीचें काम घरून करण्याची मुभा मिळाली होती, ती पुढेंहि राहिली. आठवड्यांतून एकदां पुण्यास जाऊन आलें कीं भागे. इकडे शनिवार पेठेंतलें जुनें घर, पलीकडच्या बोळांत काका-काकू, हांकेच्या अंतरावर आत्या. निघतांना गोरेगांवच्या शेजाऱ्यांनीं कारण विचारलें, तेव्हां “आई एकटी आहे, तिला सांभाळायला जातों” असें आम्ही सांगत असूं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्यामुळें जो आदर उमटे तो आम्हांला आवडत असे, हेंहि येथें कबूल करावयास हवें.

मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं दोन अटी घातल्या. माडी त्यांची, खालचा मजला आमचा. आणि चुली दोन. एका घरांत दोन चुली म्हणजे आपल्या समाजांत अजूनहि भांडणाची खूण समजतात. काकूंनीं आठ दिवस खोदून खोदून कारण विचारलें, आत्यांनीं डोळ्यांना पदर लावला. प्रत्यक्षांत घडलें तें असें कीं एकादशीची खिचडी वरून खालीं येऊं लागली, आमटीची वाटी खालून वर जाऊं लागली, रविवारचें जेवण एकत्र होऊं लागलें, आणि सासूसुनांत एकदांहि शब्दाला शब्द लागला नाहीं. नातलगांजवळ बिऱ्हाड हलविण्याच्या विचारांत असलेल्या वाचकांना आम्ही इतकेंच सुचवूं कीं सामानाची गाडी ठरविण्यापूर्वीं चुलीची गोष्ट बोलून घ्यावी. आणि ती जिच्या घरीं आपण जाणार तिला विचारून ठरवावी. आम्हीं विचारली नव्हती.

आमच्यांत आणि मातोश्रींत मात्र शब्द लागला, तो जिन्यावरून. जुन्या घरांतला लांकडी जिना, सरळसोट, अंधारा. साठीच्या बाईनें दिवसांतून दहा वेळां तो चढावा-उतरावा हें आम्हांला पसंत नव्हतें. “तूं खालीं ये, आम्ही वर जातों,” असें आम्हीं चार वेळां सुचविलें. चारहि वेळां उत्तर एकच: “वर वारा येतो.”

पहांटे पांच वाजतां त्या हाच जिना उतरून पेठेंतल्या तिघी-चौघींबरोबर चार भिंतीच्या चढाला जात. आम्ही त्याला फिरणें समजत होतों. एके दिवशीं पोस्टानें बुटांचें खोकें आलें, नातीनें तें उघडलें, आणि त्याबरोबर गुपितहि उघडलें. मातोश्रींनीं शर्यतीसाठीं नांव नोंदविलें होतें.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शर्यत २०१२ सालापासून साताऱ्यांत भरते. मॅरेथॉनचें पुरें अंतर ४२.१९५ किलोमीटर, हें त्याच्या निम्में, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर थोडें. परंतु सपाटीचे एकवीस आणि हे एकवीस यांत फरक आहे. गांवांतून निघून समर्थ मंदिरावरून यवतेश्वराचा घाट चढावयाचा, माथ्यावर कासच्या रस्त्यानें कांहीं अंतर जाऊन मागें फिरावयाचें आणि तोच घाट उतरून गांवांत यावयाचें.

आम्ही विरोधासाठीं आधार शोधूं लागलों. वयस्क बाईला पळणें अपायकारक असल्याचें कोणी तरी थोर माणसानें लिहून ठेवलें असेल अशी आमची खात्री होती. लिहिलेलें सांपडलेंहि, फक्त तें सगळें खोटें ठरलेलें होतें. १९२८ सालच्या ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली, आणि ती बायकांना सोसण्यासारखी नाहीं असें म्हणून अधिकाऱ्यांनीं ती बंद केली, ती १९६० पर्यंत. १९६७ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉनमध्यें कॅथरीन स्विट्झर धावत असतांना एका अधिकाऱ्यानें तिला भर रस्त्यांत धरून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन १८९६ पासूनची. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पला ती धावून एकोणिसावे आले होते. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हावयास मात्र १९८४ साल उजाडलें. त्या वर्षीं मातोश्री एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचें लग्न झालें होतें. आणि दूर कशाला, आमच्याच जिल्ह्यांतल्या माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवली आणि दहावी आली. आम्हीं पुस्तक मिटलें.

मग डॉक्टर. आमचे एक आतेभाऊ वैद्यकी करतात. त्यांनीं मातोश्रींच्या हृदयाचा आलेख काढला, पट्ट्यावर चालवून-पळवून पाहिलें, रक्तदाब, साखर, गुडघे तपासले आणि हरकत नाहीं म्हणून सांगितलें. आम्हीं त्यांना एकीकडे घेऊन “थोडी भीति घाला” अशी गळ घातली. त्यांनीं ती मानली नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं ही गोष्ट मातोश्रींच्या कानांवर गेली.

त्या जिना उतरून खालीं आल्या. आवाज चढला नव्हता. “तूं मला सांभाळायला आलास असें सगळ्यांना सांगत होतास. मीं कधीं मोडता घातला नाहीं. तुमचीं कामें असलीं कीं चिमीला शाळेंतून मी आणतें, तिच्या तापांत मी जागतें, गॅसवाला, नळवाला, वीजवाला, सगळ्यांना दार मी उघडतें. आनंदानें करतें. पण कोण कोणाला सांभाळतें याचा हिशेब मांडायचा असला तर बैस, मांडूं.”

आम्ही बसलों नाहीं. हिशेब काय निघेल हें आम्हांला ठाऊक होतें. मुंबईंत मुलीला पाळणाघरांत ठेवून दोघेंहि आगगाडीला लोंबकळत जात होतों. आमच्या जिवाची ओढाताण थांबावी म्हणून आम्ही साताऱ्यास आलों होतों, आणि त्या येण्याला मातृभक्तीचें नांव दिलें होतें. दोन दिवस आम्ही एकमेकांशीं कामापुरतें बोलत होतों. तिसऱ्या दिवशीं आम्हीं वर जाऊन त्यांचे बूट पुसून ठेवले. त्यांनीं पाहिलें, पण कांहीं बोलल्या नाहींत.

पुढील चार-पांच महिने घरानें एक नवीन पंचांग पाळलें. आठवड्यांतून तीन दिवस थोडें पळणें, रविवारीं लांबचें, आणि तें अंतर दर वेळीं बेताबेतानें वाढविलेलें. श्रावणी सोमवारीं उपास म्हणून विश्रांति. “शंकरानेंच ती सोय केली आहे,” असें त्या म्हणत. पळून आल्यावर केळें, गूळ-शेंगदाणे, मीठ घातलेलें कोकमाचें सरबत. पोशाखाचा प्रश्न काकूंनीं काढला. विजार आणि सदरा घालून पेठेंतून जाणार कशी? मातोश्रींनीं उत्तर दिलें कीं पहांटे पांचला पेठ झोंपलेली असते, आणि जी जागी असते ती आपल्याबरोबर पळत असते. महिनाभरानें काकू चार भिंतीपर्यंत चालावयास जाऊं लागल्या, साडींत.

या शिक्षणांत आम्हांला एक नवीन गोष्ट कळली. चढ दम काढतो, पण खरी खोडी उताराची. उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार झेलतांना मांडीचे स्नायु लांबत असतात आणि त्याच वेळीं त्यांना आंवळूनहि धरावें लागतें. त्यामुळें त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका लागलीच न लागतां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं चढतो. मातोश्री म्हणून मुद्दाम घाट चालत चढून पळत उतरण्याचा सराव करीत.

२०२४ सालच्या श्रावणांतल्या शेवटच्या रविवारीं शर्यत झाली. आम्हांला नेमून दिलेलें काम असें: टॉवेल आणि सरबताची बाटली घेऊन समर्थ मंदिरापाशीं उभें राहावयाचें. शेजारून पळावयाचें नाहीं, “दमलीस का?” विचारावयाचें नाहीं, छत्री तर मुळींच धरावयाची नाहीं. भुरभुर पाऊस होता, घाटाचा माथा धुक्यांत गेला होता. रस्त्याच्या कडेला अर्धा गांव जमला होता. ढोल-ताशे चालले होते, आणि ज्यांना कोणी ओळखत नाहीं अशा धांवणाऱ्यांनाहि लोक टाळ्या देत होते. मातोश्री आल्या त्या आंखूड पावलें टाकीत, नजर समोर. आमच्याकडे त्यांनीं पाहिलें कीं नाहीं सांगतां येत नाहीं. चिमीकडे पाहून दोन बोटें हलविलीं आणि त्या वळणाआड गेल्या.

त्यानंतरची वाट पाहणें फार लांब. २००२ सालीं आमची दहावीची परीक्षा झाली, तेव्हां प्रत्येक विषयाला मातोश्री शाळेच्या फाटकापाशीं तीन-तीन तास उन्हांत उभ्या राहत. आम्हांला त्याची लाज वाटे. मित्रांदेखत आम्हीं त्यांना घरीं जा म्हणून सांगितलेंहि होतें. त्या जात नसत, आणि पेपर कसा गेला असें आम्हीं सांगितल्याशिवाय विचारीतहि नसत. ती बाई फाटकाबाहेर काय करीत असेल हें बावीस वर्षांनीं समर्थ मंदिरापाशीं टॉवेल घेऊन उभे असतां आमच्या ध्यानांत आलें. ती कांहीं करीत नव्हती. नुसती उभी होती.

धुक्यांतून एकेक माणूस उतरूं लागला. मातोश्री दिसल्या तेव्हां त्या चालत होत्या, आणि एकाएकीं थांबून त्यांनीं उजवी मांडी दोन्ही हातांनीं धरली. आम्ही दोर ओलांडून पुढें झालों आणि दंड धरावयास हात केला.

“हात नको. पाणी दे.”

सरबताचे चार घोट घेतले, पाय दोनदां झटकला, बाटली आमच्या हातीं परत दिली. वीसेक पावलें चालल्या. मग पुन्हां पळूं लागल्या. मागून चिमी “आजी! आजी!” म्हणून ओरडत होती आणि आम्ही रित्या हातानें रस्त्याच्या मधोमध उभे होतों, एका स्वयंसेवकानें आम्हांला बाजूला केलें.

रस्ते बंद असल्यानें शेवटच्या रेषेपाशीं आम्ही पोंचलों तेव्हां मातोश्री पदक गळ्यांत घालून, पाय पसरून ओल्या गवतावर बसल्या होत्या. तीन तास आणि वर सहा मिनिटें लागलीं होतीं. काकूंचें डोळे पुसणें चाललें होतें. “उतार लबाड असतो रे,” एवढेंच मातोश्री म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, पिठोरी अमावास्या. मांड्या अपेक्षेप्रमाणें धरल्या होत्या. जिना चढतां येई, उतरतां येईना. म्हणून त्या कठडा धरून, जिन्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या एकेक पायरी मागें टाकीत उतरत. “तरी सांगत होतों, माडी नको” हें वाक्य दिवसभर आमच्या जिभेच्या टोकावर होतें. तें आम्हीं गिळलें.

पिठोरीला आईनें पाठमोरें होऊन खांद्यावरून वाण मागें धरावें आणि “अतिथि कोण?” असें विचारावें, मुलानें “मी” म्हणून तें घ्यावें, अशी आमच्याकडे रीत आहे. आमच्या मुंबईच्या बारा वर्षांत हा प्रश्न फोनवर होई आणि खीर साताऱ्यासच राही. दिवेलागणीला वरची पूजा आटोपली आणि जिना करकरला. आम्ही खालीं जाऊन उभे राहिलों. मातोश्री पाठमोऱ्याच उतरत होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या, एका हातानें कठडा घट्ट धरला, दुसऱ्या हातानें खिरीची वाटी खांद्यावरून मागें केली आणि वळून न पाहतां विचारलें, “अतिथि कोण?”

“मी,” आम्ही म्हणालों.

“मग घे लवकर. अजून सहा पायऱ्या राहिल्या आहेत.”